खिडकी गळते की भिंत? वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात या सदराला पत्रं येतात छपराची, आणि पावसाळा सरला, लोक निवांत झाले की येतात खिडक्यांची. यावेळी तीन घेतलीत. पहिलं लांब आहे पण ते मुद्दाम पूर्ण छापतोय, कारण असंच घडलेलं निदान दहा घरांत तरी मी स्वतः पाहिलंय.

प्रश्न : नमस्कार काका. कुडाळजवळ आमचं गावचं घर आहे. घर जांभ्याचं, पण मागे मांगर आहे तो कमरेपर्यंत जांभा आणि वर सगळ्या आडव्या फळ्या, आजोबांच्या वेळचा. पूर्वी तिथे गवत आणि शेतीचं सामान असायचं, आता पाहुणे जास्त झाले की तिकडे झोपतात, म्हणून आतून प्लाय मारून घेतला. पश्चिमेच्या दोन जुन्या खिडक्या कुजल्या होत्या त्या काढून मागच्या एप्रिलमध्ये सागवानी करून घेतल्या, काचेच्या. जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत. सुताराने सिलिकॉन मारलं, जुलैत परत मारलं, ऑगस्टात तिसऱ्यांदा. झडपा फुगून उघडेनात म्हणून त्याने रंधा मारून दिला. आता डिसेंबरात झडप आणि चौकटीमधून करंगळी जातेय आणि खिडकीखालच्या दोन फळ्या काळ्या पडून मऊ लागतायत. सुताराला विचारलं तर म्हणतो, "लाकूड फुगतलाच, तेका मी काय करू?" फोटो पाठवलेत. हे सगळं काढून ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवू का?

उत्तर : ॲल्युमिनियमचं नंतर बघू. तुमच्या खिडक्या वाईट नाहीत हो, फोटोत लाकूड चांगलं दिसतंय, सांधे घट्ट आहेत. गडबड बसवण्यात झालीय आणि याच पद्धतीने ॲल्युमिनियमची बसवलीत तर तीही अशीच गळेल, फरक एवढाच की खिडकी कुजणार नाही, कुजेल ती भिंत, आणि ते तुम्हाला कळेल चार वर्षांनी प्लाय काढल्यावर.

आधी हे समजून घ्या की आजोबांच्या वेळी पण तिथे पाणी आत येतच असणार. आडव्या फळ्या, दर फळी खालच्या फळीवर इंचभर चढलेली, पश्चिमेची झड लागली की थोडं पाणी फळीमागे जाणारच, त्याला इलाज नाही. पण मांगर आतून उघडा होता, वारा दोन्ही बाजूंनी लागायचा, पाऊस दोन दिवस उघडला की फळी सुकून जायची. तुम्ही आतून प्लाय मारला आणि फळी आणि प्लायच्या मध्ये एक बंद पोकळी तयार झाली, त्यात गेलेलं पाणी आता जाणार कुठे? खिडकीच्या चौकटीवर साचणार, तिथून प्लायच्या कडेने आत टपकणार, आणि तुम्ही म्हणणार खिडकी गळते. त्यात सुताराने चारही बाजूंनी सिलिकॉन मारलं म्हणजे खालची बाजू पण बुजवली, तीच तर एक जागा होती पाणी बाहेर पडायची! काळ्या पडलेल्या फळ्या खिडकीच्या वर नाहीत, खाली आहेत, त्यावरूनच कळतं. लाकडात ओल साधारण वीस टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कुजवणारी बुरशी लागायला ते पुरेसं असतं, आणि तुमच्याकडे ती जून ते ऑक्टोबर राहिली.

मी पण हा उद्योग केलेला आहे. वडील सुतारकाम करायचे, मी त्यांच्या हाताखाली शिकून नवीन नवीन एकट्याने कामं घ्यायला लागलो तेव्हा सिलिकॉनची नळी हातात आली म्हणजे जग जिंकलं असं वाटायचं, एका ओळखीच्या घरी अख्खी खिडकी चहूबाजूंनी सील करून आलो आणि पुढच्या वर्षी त्यांनी मला बोलावून खिडकीच्या उंबऱ्याच्या लाकडात आख्खा स्क्रू-ड्रायव्हर खुपसून दाखवला. वडील एवढंच म्हणाले की कौलं कशी घालतात ते बघ. कौलं खालून वर घालत जातात, वरचं कौल खालच्यावर चढतं, मध्ये सिमेंट नाही की डिंक नाही, आणि आपल्याकडच्या तीन हजार मिलिमीटर पावसात पण छप्पर चालतं. खिडकीचं तेच.

तर काम असं करा, आणि जानेवारी ते एप्रिल या काळातच करा, कारण तेव्हा लाकूड सुकं असतं. खिडकी पूर्ण बाहेर काढायची. हो, पूर्ण, चौकटीसकट. वाईट वाटतं पण स्क्रूवर बसवलेली आहे, दोन माणसं अर्ध्या दिवसात काढतील. कडेचं सिलिकॉन ब्लेडने कापून खरवडून काढा, चौकटीवर त्याचा थर अजिबात ठेवू नका, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि नवीन सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही (म्हणून तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळचं फुकट गेलं). मऊ झालेल्या दोन फळ्या बदला. त्यांच्या मागचा आडवा वासा पण टोचून बघा, तो गेला असेल तर तोही.

मग भोकाच्या खालच्या बाजूला, म्हणजे जिथे चौकट टेकते तिथे, आधी डांबरी फेल्टची किंवा ब्युटाइल टेपची (रबरी चिकट टेप) पट्टी टाका, तिचा बाहेरचा काठ खालच्या फळीच्या वरून बाहेर येऊन लोंबला पाहिजे आणि दोन्ही टोकं बाजूच्या लाकडावर चार-सहा इंच वर वळवलेली पाहिजेत, परातीच्या काठासारखी, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाजूला न जाता पुढेच सांडेल. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, त्या या खालच्या पट्टीवर चढलेल्या. सगळ्यात शेवटी वरची. वरच्या बाजूला नुसतं फेल्ट पुरत नाही, तिथे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी वाकवून घ्या, एक अंग उभं, ते खिडकीवरच्या फळीच्या मागे सरकवायचं, मग बाहेरच्या बाजूला किंचित उताराने चौकटीच्या डोक्यावरून पुढे यायचं, आणि टोक खाली वळवायचं. पत्रेवाला दहा मिनिटांत वाकवून देतो. तुमच्या फोटोत वरची फळी थेट चौकटीवर टेकवून फट सिलिकॉनने भरलीय, सगळं पाणी शिरतंय ते मुळात इथून. हा पत्रा बसला की त्याच्या खालच्या काठाला काहीही भरायचं नाही. खालच्या बाजूला चौकटीखाली पण भरायचं नाही. बाजूच्या दोन उभ्या फटींत भरलंत तर चालेल, तिथे आधी फोमची दोरी खोचा आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे ते दोनच बाजूंना चिकटतं आणि लाकूड हललं तर ताणतं, फाटत नाही. सागाला नैसर्गिक तेल असतं, तेव्हा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या नाहीतर सीलंट सोलून येईल.

आता उंबरा, म्हणजे खिडकीचं खालचं बाहेरचं लाकूड. तुमचा फळीच्या बरोबरीला संपतोय, म्हणजे काचेवरून ओघळलेलं सगळं पाणी सरळ भिंतीवर. तो निदान दोन इंच बाहेर हवा, बाहेरच्या बाजूला उतार हवा (सहा इंचाला एक इंच धरा), आणि पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला काठापासून अर्धा-पाऊण इंच आत एक खाच कोरलेली हवी. ही खाच म्हणजे या सगळ्या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट. पाणी लाकडाला खालून चिकटून चिकटून भिंतीकडे येतं, खाच आली की त्याला पुढे जाता येत नाही, थेंब होऊन पडतं. नवीन चौकट करायची गरज नाही, आहे त्या उंबऱ्यापुढे सागाची वेगळी पट्टी जोडून घ्या, पण जोड वरून उघडा दिसेल असा नको, चौकटीच्या खाली सरकवून जोडा.

आणि उंबऱ्याखालच्या फळीचा वरचा काठ, बाजूच्या फळ्यांची कापलेली टोकं, ही सगळी बसवण्याआधी दोन-तीन हात प्रायमर पाजून घ्या. पाजून म्हणतोय, लावून नाही. लाकूड टोकातून जेवढं पाणी पितं तेवढं पाठीवरून पीत नाही. फळ्यांची टोकं चौकटीला भिडवू नका, पाव इंच मोकळं ठेवा, म्हणजे पुढे पण ब्रश आत जाईल.

झडपांचं सुताराचं म्हणणं अर्धं खरं आहे. लाकूड फुगतंच. पण किती फुगतं हे त्याला माहीत असायला पाहिजे ना. उन्हाळ्यात सुकलेलं सागवान आपल्या पावसाळ्यात पाच-सहा टक्के ओल सहज ओढून घेतं, आणि दर टक्क्याला रुंदीत साधारण हजारात दोन भाग वाढतं. तुमच्या झडपेच्या दोन उभ्या पट्ट्या तीन-तीन इंची, म्हणजे मिळून दीडशे मिलिमीटर, त्याचा हिशोब येतो दीड ते दोन मिलिमीटर. एप्रिलमध्ये झडप बसवताना चारही बाजूंनी तीन मिलिमीटर सोडले असते, आणि रंग जाऊन मग दोन मिलिमीटर उरले असते, तर जुलैत रंधा मारायची वेळच आली नसती. फुगलेल्या लाकडाला रंधा कधीच मारू नये, पावसाळ्यात झडप अडकली तर शिव्या द्या आणि दिवाळीपर्यंत थांबा. आता करंगळी जाते तिथे झडपेच्या काठाला सागाची बारीक पट्टी चिकटवून खिळून घ्या, आणि चौकटीच्या खाचेत रबराची पट्टी लावा, दाबली जाणारी, ती दोन-तीन मिलिमीटरचा फरक सांभाळून घेते. झडपेचा खालचा काठ तुमच्याकडे रंगवलेलाच नाहीये असं मी पैजेवर सांगतो, कारण तो कुणी रंगवत नाही. आरसा खाली धरून बघा.

काचेला त्याने नुसत्या लाकडी पट्ट्या मारल्यात, आतून लांबी (म्हणजे पुट्टी) नाही. पट्टीमागे पाणी जाणार आणि खालच्या कोपऱ्यात बसणार. काच काढून आधी लांबीचा पातळ थर, त्यावर काच, मग बाहेरून लांबी किंवा पट्टी. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल, मळलेल्या कणकेसारखी. तिला वरून साय धरायला आठवडा-दोन आठवडे द्या, मग रंग मारा आणि रंग काचेवर दोन मिलिमीटर चढवा. दिसायला जरा बावळट वाटतं, पण काच आणि लांबीमधली फट त्यानेच बंद होते.

पॉलिश बाहेरून नको. मेलामाइन वगैरे आतल्या फर्निचरसाठी आहे, पश्चिमेच्या उन्हात एका वर्षात पापुद्रे सुटतात आणि त्या पापुद्र्यामागे पाणी. सागाचा रंग दिसायलाच हवा असा हट्ट असेल तर बाहेरच्या वापराचं तेल लावा आणि दर वर्षी लावत राहा, नाहीतर सरळ ऑइल पेंट, प्रायमरसकट तीन हात. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेटतात, ही अतिशयोक्ती नाही, पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेसच्या किंवा पितळी, तुमच्याकडे समुद्राची हवा पोचते, लोखंडी खिळा सागात काळा डाग पाडतो आणि मग तिथूनच कूज सुरू होते.

प्लायचं काय, तर तो पूर्ण काढा असं म्हणत नाही, पण खाली आणि वर दोन-दोन इंच मोकळं सोडा, जाळी मारा उंदरांसाठी, म्हणजे मागे हवा खेळेल.

एवढं सगळं सांगून झाल्यावर खरी गोष्ट, जी आधी सांगितली असती तर तुम्ही बाकीचं वाचलं नसतं. खिडकीवर दीड-दोन फुटांचं छोटं छप्पर काढा, कौलांचं किंवा पत्र्याचं. जुन्या घरांच्या खिडक्या टिकल्या त्या लाकडामुळे कमी आणि वळचणीमुळे जास्त, तीन तीन फूट बाहेर आलेलं छप्पर, पडवी, आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, पश्चिमेच्या अंगाला बांधलेली विणलेल्या झावळ्यांची झापं. गोव्यातल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या असतात, लाकडी पट्ट्यांत शिंपले सरकवलेले, त्याला ना रबर ना सीलंट, पण वर खोल छप्पर. झापाऐवजी हल्ली निळं प्लास्टिक बांधतात, बांधा, पण खिडकीला चिकटवून नको, हातभर अंतर ठेवून, नाहीतर आत घाम धरतो आणि पाऊस न लागताच बुरशी येते.

काम झालं की मृगाची वाट बघू नका. मे महिन्यातच पाण्याचा पाइप घेऊन तपासा. आधी फक्त उंबऱ्यावर दहा मिनिटं पाणी सोडा, आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं, मग बाजूंवर दहा मिनिटं, मग वरच्या पत्र्यावर. वरून सुरुवात केलीत तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळणारच नाही. पाइपाचं तोंड दाबून वरच्या दिशेने फवारा मारू नका, पाऊस खालून वर पडत नाही.

आणि सुताराशी भांडू नका. खिडकी त्याने चांगली केलीय, फळ्यांच्या भिंतीत बसवायची सवय आता कुणालाच राहिलेली नाही, सगळे विटेच्या भिंतीत बसवतात आणि प्लास्टर सगळं झाकून घेतं.

प्रश्न : काका, मी मँचेस्टरजवळ राहतो, बागेत लाकडी फळ्यांची खोली आहे, तिथे माझं ऑफिस. जुन्या खिडक्या काढून लाकडी डबल ग्लेझिंगच्या (दोन काचा, मध्ये सीलबंद पोकळी) बसवल्या. पाणी गळत नाही पण हिवाळ्यात सकाळी काचेच्या खालच्या बाजूला आतून पाणी साचलेलं असतं आणि उंबऱ्यावर काळे ठिपके आलेत. बिल्डर म्हणतो सील फेल झालंय. खरं का?

उत्तर : तुमच्याकडे वर्षाला आठशेच्या वर मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे कोकणात कधी कधी तेवढा एका जुलैत होतो. त्यामुळे पावसावर संशय घेण्याआधी श्वासावर घ्या. सील फेल झालं असतं तर धुकं दोन काचांच्या मध्ये दिसलं असतं, पुसूनही जाणार नाही असं. तुम्ही पुसता आणि जातं, म्हणजे ते खोलीतलीच हवा आहे, तुमचा श्वास, चहाची किटली, ओला कोट. रात्री हीटर बंद झाला की काचेचा खालचा काठ सगळ्यात आधी गार पडतो आणि पाणी तिथे बसतं. जुन्या खिडक्यांतून वारा यायचा तो हे सगळं बाहेर नेत होता, थंडी वाजायची पण खोली कोरडी असायची. आता खिडकी चांगली झाली म्हणून खोली ओली झाली!

चौकटीच्या वरच्या बाजूला हवेची बारीक झरोका-पट्टी बसवून मिळते तिकडे, ती बसवा आणि हिवाळ्यात बंद करू नका. काम संपलं की दहा मिनिटं खिडकी सताड उघडा. चौकट आणि भिंतीमधली फट नीट भरलीय का तेही बघा, वारा असलेल्या दिवशी उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेने फिरवा, धूर जिथे झुकेल तिथे फट. ती आतून बंद करा, कापूस किंवा फोम भरून आतल्या बाजूला टेप. बाहेरून नाही, बाहेरून तिला सुकायला जागा राहू दे. आणि तुमच्याकडे फळ्यांमागे वाफ जाऊ देणारा पडदा असतो, घरावर गुंडाळतात तो, खिडकी बदलताना तो कापला गेला असेल तर वरच्या बाजूचा तुकडा पत्र्याच्या पट्टीच्या वर चढलेला आहे ना एवढं एक फळी काढून बघा, बिल्डर नेमका तिथे घाई करतो.

फळ्या सीडार लाकडाच्या असतील आणि खिळ्यांखाली काळे ओघळ दिसत असतील तर ती बुरशी नाही, सीडारमध्ये टॅनिन नावाचं द्रव्य असतं, ते लोखंडाशी लागून काळं पडतं. खिळे स्टेनलेसचे करून घ्या, घासत बसू नका.

प्रश्न : आमच्याकडे पेडण्यात काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावायचे, ते नवीन खिडकीला लावलं तर चालेल का? रंगाचा खर्च वाचेल.

उत्तर : वाशांना, फळ्यांच्या मागच्या अंगाला, जांभ्यावर टेकणाऱ्या लाकडाला, खुशाल लावा, होड्यांना पण लावतात, वाळवी आणि पाणी दोन्हीला चांगलं. खिडकीच्या झडपेला नको. काळंकुट्ट होतं, दमट हवेत कित्येक दिवस चिकट राहतं, आणि वरून पुढे कधी रंग मारायचा म्हटलं तर तो धड बसत नाही. शिवाय कच्चं तेल अंगाला लागलं की फोड येतात, खिडकीला रोज हात लावायचा असतो. लावताना हातमोजे घाला, आणि लावणारा कामगार असेल तर त्यालाही द्या.